गायतोंडे यांचे चित्र नांदेड-लातुरास केव्हा येणार?

वासुदेव संतू गायतोंडे हे नाव मराठवाड्यातील वर्तमानपत्रवाचकाच्या परिचयाचे झाले ते त्यांच्या चित्रांच्या दर्शनाने नव्हे, तर त्या चित्रांना लिलावात आलेल्या किमतींच्या वार्तांनी, ही गोष्ट कलेविषयी आस्था बाळगणाऱ्या कोणासही खेदाची वाटावी अशी आहे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या ख्रिस्टीजच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांस गेले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्याच दुसऱ्या एका चित्राने ६७ कोटींचा आकडा ओलांडला, तेव्हा नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईतही ती बातमी आश्चर्याने वाचली गेली. ज्यात माणूस नाही, झाड नाही, देवादिकांची आकृती नाही, अशा रंगाच्या पटास एवढे द्रव्य कोणी व का मोजावे, हा प्रश्न अनेकांनी विचारला आणि उत्तराची वाट न पाहता तो तेथेच सोडून दिला. प्रश्न सोडून देणाऱ्यांना मी दोष देत नाही. बातमीसोबत दोन रकान्यांचे जे अस्पष्ट छायाचित्र छापले जाते त्यावरून गायतोंडे यांच्या चित्राची कल्पना करणे अशक्य आहे, आणि मूळ चित्र डोळ्यांनी पाहण्याची सोय या दोन्ही जिल्ह्यांत नाही. ती सोय व्हावी, किंबहुना ती करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, एवढेच मला या लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरास, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात झाला, आणि त्यांचे पुढील वास्तव्य मुंबईत, गिरगावातील चाळीत झाले. सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. मराठवाड्याच्या वाचकास त्या सालाचे स्मरण वेगळ्या कारणाने असणार. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी निजामाची राजवट संपून हा मुलूख हिंदी संघराज्यात सामील झाला. कलाशाळेत जगन्नाथ अहिवासी आणि शंकर पळशीकर या गुरूंच्या हाताखाली त्यांनी भारतीय चित्रपद्धतीचा अभ्यास केला, लघुचित्रांतील रंगांनी ते मोहून गेले, आणि मग एक असे पाऊल त्यांनी टाकले की ज्यात त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचे बीज होते: लघुचित्रातील आकृती त्यांनी हळूहळू बाजूस सारल्या आणि रंगांचे परस्परांशी असलेले नाते तेवढे हाती ठेवले. पॉल क्ले या चित्रकाराच्या कृतींनी त्यांना या वाटेवर धीर दिला. १९५० मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये गेले, परंतु सूझा, रझा, हुसेन यांच्या त्या गजबजलेल्या मेळाव्यातही त्यांचा स्वभाव एकान्ताचाच राहिला.

पुढील टप्पे मी थोडक्यात सांगतो, कारण बाह्य घटनांत या माणसाचे चरित्र फारसे सापडत नाही. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई संस्थेत, जेथे रविशंकर सतार शिकवीत आणि अल्काझी नाटके बसवीत, तेथे त्यांची चित्रशाळा होती. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे चित्र विकत घेतले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते त्या शहरी जाऊन आले. १९७१ मध्ये पद्मश्री आणि १९७२ मध्ये दिल्लीस प्रयाण. निजामुद्दीन पूर्व भागातील एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरील खोलीत, ते एकटे राहिले. लग्न केले नाही, शिष्यपरंपरा उभारली नाही, स्वतःच्या चित्रांवर भाष्ये लिहिली नाहीत, आणि वर्षाकाठी पाचसहा चित्रांपलीकडे काही केले नाही. १९८४ मधील एका अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासचे श्रम शरीरास झेपेनासे झाले, तेव्हा काही वर्षे ते कागदावर शाईने चिन्हांसारख्या आकृती रेखाटीत राहिले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचा अंत झाला, त्याची त्या वेळी फार थोड्यांनी दखल घेतली. आणि पुढे तेरा वर्षांनी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले. मराठीत सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’तर्फे त्यांच्यावरील बृहद्ग्रंथ सिद्ध केला, हे आपल्या भाषेचे भाग्य.

वर्षाला पाचसहा चित्रे, हा आकडा ऐकून उरलेले दिवस त्यांनी आळसात घालविले असे कोणास वाटेल, तर त्याने त्यांची कार्यपद्धती समजून घ्यावी. कुंचल्याचा उपयोग ते जवळजवळ करीत नसत. कॅनव्हासवर रोलरने रंगाचा एक पातळ थर चढवावयाचा. तो ओला असतानाच सपाट सुरीने तो काही ठिकाणी ओढून, खरवडून काढावयाचा. वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या कागदाचे फाडलेले तुकडे त्यावर दाबून रंग उचलावयाचा किंवा तुकड्यावरचा रंग खाली उतरवावयाचा. मग ते वाळू देऊन त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, आणि दर थराच्या वेळी मागचा थर कोठे झाकावा व कोठे उघडा ठेवावा याचा निर्णय. १९६८ च्या सुमारापासून त्यांनी आडवे कॅनव्हास सोडून उभे घेतले. अशा चित्रासमोर दहा पावलांवर उभे राहिले असता एकच रंग दिसतो, गेरूचा, शेवाळाचा किंवा धुरकट करडा, आणि त्यात काही आकार वर येत आहेत की खाली बुडत आहेत याचा निश्चय होत नाही. परंतु हातभर अंतरावर गेले की कागदाच्या फाटक्या कडांच्या खुणा, रोलर जेथे थांबला तेथली बारीक उंच रेघ, आणि वरच्या करड्याखालून डोकावणारा तांबडा अशी सगळी जमीन उलगडू लागते. मी हे मुंबईस पाहिले आहे, आणि म्हणूनच ठामपणे म्हणतो की हा अनुभव छायाचित्रात उतरत नाही. छापील कागदावर थर मावत नाहीत. विटेवरचा विठोबा कोणत्याही तसबिरीत ओळखता येतो. गायतोंडे यांचे चित्र तसबिरीत नाहीसे होते. ज्या कलेची प्रतिकृती होऊच शकत नाही, ती कला लोकांपर्यंत न्यावयाची तर मूळ चित्रच न्यावे लागते, त्याला दुसरा तरणोपाय नाही.

‘आमच्या लोकांस अमूर्त कळणार नाही’ हा जो आक्षेप शिकलेले लोकच अधिक हिरिरीने घेतात, त्याइतका अन्यायकारक आक्षेप या भूमीबाबत दुसरा नसेल. नांदेडहून फार दूर नसलेल्या औंढा नागनाथाच्या देवळाशी परंपरेने जोडलेली एक कथा येथल्या प्रत्येक कीर्तनकारास पाठ आहे. नामदेव महाराज गुरूच्या शोधात आले, तो विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी संतापून पाय काढावयास सांगितले, तेव्हा विसोबा म्हणाले की जेथे देव नसेल तेथे तूच ते ठेव. आणि जेथे जेथे पाय ठेवावेत तेथे तेथे लिंग प्रकटू लागले. रूपावर प्रेम करणाऱ्या भक्तास रूपापलीकडे नेणारी ही कथा नर्सीच्या, गंगाखेडच्या, कंधारच्या निरक्षर श्रोत्यांनी पिढ्यानुपिढ्या डोळ्यांत पाणी आणून ऐकली आहे, आणि निर्गुण म्हणजे काय असा अडाणी प्रश्न त्यांनी कधी केला नाही. ज्यांच्या आजीपणजीने ओवीत निर्गुण दळले, त्यांच्या नातवास आकृतीवाचून रंग पाहता येणार नाही असे मानणे हा त्या परंपरेचा उपमर्द होय. गायतोंडे स्वतः गिरगावातील खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांच्या निरूपणास जाऊन बसत. विडीचे दुकान चालविणारा तो मराठी सत्पुरुष नवनाथांच्या परंपरेतला. रमण महर्षी आणि जपानी झेन पंथ यांचेही त्यांना आकर्षण होते. त्यांची चित्रे म्हणजे अध्यात्माचे दृष्टान्त होत असे मात्र मी म्हणणार नाही. चित्रकाराने रंगाशी केलेला व्यवहार हाच त्यांचा विषय आहे, आणि त्यांच्या चित्रात ओंकार किंवा कुंडलिनी शोधणारे रसिक मला आकृतीचा हट्ट धरणाऱ्यांपेक्षा वेगळे वाटत नाहीत.

चित्रकलेशी या मुलखाचा संबंध दूरचा आहे, असेही कोणी म्हणू नये. आपल्या देशाच्या आधुनिक चित्रकलेने ज्या भिंतींपुढे बसून आपली मुळाक्षरे गिरविली त्या भिंती मराठवाड्यातच आहेत. जॉन ग्रिफिथ्स हे जे. जे. कलाशाळेचे अध्यापक १८७२ पासून तेरा वर्षे आपल्या विद्यार्थ्यांसह निजामाच्या हद्दीतील अजिंठ्यास येत राहिले आणि त्यांनी तेथील भित्तिचित्रांच्या नकला उतरविल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत भस्मसात झाल्या. पुढे निजाम सरकारने पुराणवस्तूंचे खाते काढून त्यावर गुलाम याझदानी यांची नेमणूक केली, १९२० मध्ये लोरेन्झो चेकोनी या इटालियन तज्ज्ञास बोलावून भिंतींवरचे पडू लागलेले रंग स्थिर केले, आणि याझदानींचे अजिंठ्यावरील चार खंड १९३० पासून पुढे पंचवीस वर्षांत प्रसिद्ध झाले. त्या राजवटीचे दोष येथल्या जनतेने आपल्या रक्ताने लिहून ठेवले आहेत, ते पुसण्याचा माझा हेतू नाही. परंतु चित्र हा दौलतीचा ठेवा असून त्याच्या जतनासाठी खजिन्यातून रक्कम मंजूर करणे हा सरकारी कामाचाच भाग आहे, एवढे त्या दरबाराच्या दप्तरास समजत होते. लोकांनी निवडलेल्या सरकारला ते त्याहून अधिक समजावे, ही अपेक्षा गैरवाजवी नसावी.

आता शाळेकडे वळतो, कारण खरी अडचण तेथे आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील हजारो मुले दरवर्षी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांस बसतात. त्यांपैकी कितींच्या मनात चित्र आहे आणि कितींच्या मनात गुण आहेत हे सांगावयास नको. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीस ३, ५ किंवा ७ वाढीव गुण मिळतात, आणि ते पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. या परीक्षेत संकल्पचित्राचा एक कागद असतो. चौरस, वर्तुळ किंवा असाच एखादा आकार घ्यावयाचा, त्याचे विभाग पाडावयाचे, उबदार आणि थंड रंग समोरासमोर ठेवावयाचे, कोठे गडद आणि कोठे फिका याचा तोल सांभाळावयाचा, आणि हे सर्व कोणत्याही वस्तूचे चित्र न काढता. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीस आपण शाळेतच अमूर्त रचनेचा पहिला पाठ देतो! मुखेडच्या किंवा निलंग्याच्या शाळेत ती मुलगी पोस्टर कलरच्या बाटलीत ब्रश बुडवून निळ्याशेजारी नारिंगी लावते, आणि तो नारिंगी एकाएकी पेटल्यासारखा दिसतो तेव्हा तिच्या डोळ्यांत जे उमटते ते गायतोंडे यांच्या वाटेवरील पहिलेच पाऊल असते. परंतु दुसरे पाऊल टाकण्यास तिला कोणी सांगत नाही. बाजारात तयार संकल्पचित्रांच्या पुस्तिका मिळतात, त्यांतील तीनचार नमुने घटवून घेतले जातात, परीक्षेत त्यांपैकी एक उतरविला जातो, आणि जी गोष्ट शोधण्यासाठी होती ती पाठांतराची होऊन बसते.

परीक्षेचा कसून सराव करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नची निंदा करणाऱ्यांत मी नाही. ज्या घरात पिढ्यानुपिढ्या कोणी दवाखान्याची पायरी रुग्ण म्हणूनसुद्धा धडपणे चढला नव्हता त्या घरातील मुले त्या पद्धतीमुळे डॉक्टर झाली, आणि १९९३ च्या भूकंपाने ज्या जिल्ह्याची गावेच्या गावे मातीस मिळविली त्या जिल्ह्याने शिक्षणाच्या बळावर उभे राहून दाखविले, याचा अभिमान मला या भागातला माणूस म्हणून आहे. नांदेडही आता त्याच मार्गाने चालले आहे. तथापि ज्या शिक्षणात प्रत्येक प्रश्नास चार पर्याय आणि त्यांपैकी एकच बरोबर, असा संस्कार दिवसाचे बारा तास होतो, त्या शिक्षणातून वर आलेल्या तरुणास ज्या वस्तूचे आदर्श उत्तर नाही तिच्यासमोर स्वस्थ उभे राहणे कठीण जाते. अमूर्त चित्र तो पाहतो आणि तत्काळ विचारतो की हे काय आहे. उत्तर मिळाले नाही की त्यास फसविल्यासारखे वाटते. उद्या हाच तरुण रुग्णाच्या खाटेशी उभा राहणार आहे, जेथे लक्षणे पुस्तकाप्रमाणे येत नाहीत आणि निष्कर्षाची घाई न करता पाहत राहणे हेच पुष्कळदा निदानाचे निम्मे काम असते. ही शक्ती त्यास चित्रच देईल असा माझा दावा नाही. परंतु गायतोंडे हे महिनोन्महिने एकही थर न चढविता कॅनव्हाससमोर बसून राहत, आणि त्या बसण्यास ते काम मानीत, एवढे तरी आमच्या मुलांच्या कानावर जावे.

अवर्षणाने गांजलेल्या, कर्जापायी शेतकरी जीव देत असलेल्या प्रदेशात ही चैन कशाला, असा प्रश्न मला प्रत्यक्ष विचारला गेला आहे, आणि तो मी तुच्छ मानीत नाही. त्यास माझे उत्तर असे की चैन चित्राची नाही, लिलावाची आहे. ज्या माणसाच्या चित्रास आज कोट्यवधी मिळतात तो स्वतः बरसातीत राहिला, आणि ते कोटी त्यास किंवा त्याच्या चाळीस मिळालेले नाहीत. चित्र धनिकाच्या दिवाणखान्यात किंवा तिजोरीत गेले की सामान्य माणसास त्याची केवळ किंमत कळते. सार्वजनिक भिंतीवर आले की किंमत विसरून ते पाहता येते. दुष्काळग्रस्त जिल्ह्यातील मुलास त्यावर मुंबईच्या मुलाइतकाच हक्क आहे. आजची स्थिती अशी की नांदेडच्या मुलास तपोवन किंवा देवगिरी एक्सप्रेसने सहाशे किलोमीटर जावे तेव्हा काळा घोड्याच्या परिसरात राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय आणि जहांगीर कलादालन दिसणार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी आली, तेव्हा यंत्रणेने मनावर घेतले तर काय होऊ शकते हे साऱ्या देशाने पाहिले. पाण्याची आणि चित्राची बरोबरी करण्याचा अविचार मी करणार नाही. परंतु प्रवासाचे अंतर, विम्याचा खर्च, जबाबदार अधिकाऱ्याचा अभाव, ही जी कारणे चित्रांच्या बाबतीत पुढे केली जातात ती त्या गाडीच्या उदाहरणापुढे टिकत नाहीत.

सबब माझी मागणी मी शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत मांडतो. नांदेड आणि लातूर येथे जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यातून एकेक कायम कलादालन बांधले जावे. नाटकांसाठी या शहरांत प्रेक्षागृहे झाली, ती योग्यच झाली. चित्रांसाठी भिंत मात्र अद्याप कोणी दिलेली नाही. भव्यतेची गरज नाही. एक मोठी खोली पुरे, जीत उन्हाळ्यातले आपले बेचाळीस अंशांचे ऊन शिरणार नाही, उत्तरेचा प्रकाश येईल, पावसाळ्यातील दमट हवा यंत्राने आवरली जाईल आणि रात्री पहारा राहील. चित्र उसने देणारी संस्था एवढ्याच अटी घालते, आणि त्या अवघड नाहीत. राज्य कला प्रदर्शन फिरत्या क्रमाने दर काही वर्षांनी येथे भरावे. राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाच्या कोठारांत जी चित्रे भिंतीअभावी बंद राहतात त्यांपैकी काही वर्षातून दोन महिने तरी येथे पाठविली जावीत, आणि त्यांत गायतोंडे असावेत, पळशीकर असावेत, अकोल्याहून निघून ऑस्लोपर्यंत गेलेले अंबादास असावेत, ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे प्रभाकर बरवे असावेत. येथील जे चित्रकार अंगणवाड्यांच्या भिंती, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि लग्नांची मखरे रंगवून उदरनिर्वाह करीत आहेत, आणि रात्री आपल्या खोलीत स्वतःचे चित्र काढून ते उलटे करून भिंतीस टेकवून ठेवीत आहेत, त्यांची चित्रेही त्याच भिंतीवर, त्याच प्रकाशात लागावीत. त्यांना कौतुकाची शाल आपण पुष्कळदा दिली. तुलनेची संधी कधी दिली नाही, आणि कलावंतास तिची गरज शालीपेक्षा अधिक असते.

या दालनात प्रत्येक चित्राखाली अर्थ सांगणारा फलक लावण्याचा मोह टाळावा. चित्रकाराचे नाव, साल आणि माध्यम एवढे पुरे. त्याऐवजी मध्यभागी पाठ टेकता येईल असे दोन लांब बाक ठेवावेत, प्रवेशमूल्य असू नये, आणि रेखाकला परीक्षेस बसणाऱ्या प्रत्येक मुलास वर्षातून एक दिवस तेथे आणले जावे. मुलांसोबत येणाऱ्या कलाशिक्षकाचा तो दिवस किरकोळ रजेत न धरता कर्तव्यकाळ म्हणून नोंदवावा, आणि तसा स्पष्ट उल्लेख शासननिर्णयातच करावा, म्हणजे मुख्याध्यापकांस अडवणूक करण्यास आणि हिशेबतपासनिसांस शेरा मारण्यास जागा राहणार नाही.